टेबलावरचे मॉनिटर आणि सबवूफर : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

संगणकाच्या टेबलावर नीट संगीत ऐकू इच्छिणाऱ्यांना एक ठरावीक सल्ला हातोहात पुढे पाठवला जातो. त्यात पाच विधाने असतात. स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण तपासण्यासाठी स्टुडिओत वापरायचे स्पीकर, हे चुका शोधण्याचे यंत्र असतात, म्हणून त्यांवर संगीत कोरडे वाटते. तरीही घ्यायचेच असतील तर आठ इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूचे) घ्यावेत, म्हणजे फक्त खर्जासाठीची वेगळी पेटी, म्हणजे सबवूफर, लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत खर्जाचे स्वर तयारच होत नाहीत, कारण त्यांची तरंगलांबी खोलीपेक्षा मोठी असते. सबवूफर आणलाच तर तो कोणत्याही कोपऱ्यात सरकवावा, कारण त्याच्या आवाजाला दिशा नसते. आणि शेवटचे विधान असे की, आपल्या रागसंगीताला त्याची गरजच नसते. हा सल्ला मी स्वतः मानला होता आणि दोन वर्षे टेबलावर मोठे स्पीकर ठेवून डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच स्वरात घुमताना ऐकला होता. ज्यांच्या हातून तेवढाच पैसा आणि तेवढीच वर्षे जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या विधानातला ‘चुका शोधण्याचे यंत्र’ हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. मॉनिटरकडून अपेक्षा एवढीच असते, की जे मुद्रित झाले आहे त्यात त्याने कुठे भर घालू नये आणि कुठे काटछाट करू नये. झगमगीत वाटावे म्हणून वरचे स्वर टोकदार करणारा स्पीकर पहिल्या दहा मिनिटांत छाप पाडतो आणि तासाभराने थकवतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली. समोरून सपाट आणि बाजूंना गुळगुळीत उतरत जाणारा प्रतिसाद असलेल्या स्पीकरांकडेच श्रोत्यांचा कल सातत्याने दिसला. चांगल्या मॉनिटरचा आराखडा याच गुणांवर बेतलेला असतो.

मग ‘मॉनिटर म्हणजे कर्कश’ ही समजूत आली कुठून? माझ्या मते तिचा मोठा वाटा यामाहाच्या पांढऱ्या शंकूच्या एनएस-१० या स्पीकरकडे जातो. जगभरच्या स्टुडिओंत तो ध्वनिमिश्रकाच्या समोर ठेवलेला असे, त्याचा मधल्या पट्ट्यातला उठाव प्रसिद्ध होता, आणि वरचे स्वर बोचतात म्हणून अनेक जण त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या घटकावर, पातळ टिश्यू कागद चिकटवत. पण हा स्पीकर १९७८ मध्ये बाजारात आला तो घरगुती स्पीकर म्हणून. उलट बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसारख्या अरुंद जागांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर घरी संगीत ऐकणाऱ्यांनीच पुढे जपला, आणि त्याला आजही मागणी आहे. पेटीवर ‘मॉनिटर’ लिहिले आहे की नाही, यावरून कानाला काय मिळेल हे ठरत नाही.

या विधानाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अंगचा अॅम्प्लिफायर असलेल्या काही मॉनिटरांच्या ट्वीटरमधून सतत बारीक सुस्कारा येत असतो. स्टुडिओत तो कोणाच्या लक्षात येत नाही, पण रात्रीच्या शांत खोलीत पाऊण मीटरवर बसलेल्या माणसाला तो आलापाच्या विरामांत ऐकू येतो. दुकानाच्या गोंगाटात तो कळत नाही, म्हणून परत करण्याची मुभा घेऊनच खरेदी करावी.

आठ इंचांविषयी. दोन मार्गी, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर दोन घटकांत वाटलेल्या मॉनिटरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांचे आवाज एकजीव व्हायला काही अंतर लागते. दोन हजार हर्ट्झची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि मोठ्या पेटीत या दोन घटकांच्या केंद्रांमधले अंतर त्याहून जास्त होऊ शकते. अशा पेटीसमोर हाताच्या अंतरावर बसले, की खुर्चीत जरा खाली सरकले तरी गळ्याचा पोत बदलतो. शिवाय वेष्टनावरचे आकडे काळजीपूर्वक वाचावे लागतात. यामाहाच्या पाच इंची एचएस-५ वर खालच्या मर्यादेसाठी ५४ हर्ट्झ हा आकडा दिसतो, पण तो आवाज १० डेसिबलने पडल्यानंतरचा आहे. ३ डेसिबलची घट धरली तर तीच मर्यादा ७४ हर्ट्झवर येते. आठ इंची एचएस-८ ची मर्यादा याच मापाने ४७ हर्ट्झ आहे. म्हणजे मोठी पेटी खाली जाते, यात वाद नाही. पण डावे-उजवे चित्र नीट उमटण्यासाठी स्पीकर जिथे ठेवावे लागतात, ती जागा खर्जासाठी सोयीची असेलच असे नाही. सबवूफरचा खरा लाभ इथे आहे : मॉनिटर कानासाठी योग्य जागी राहतात आणि खर्जाचा उगम खोलीला मानवेल तिथे हलवता येतो. टेबलावरची मोठी पेटी हे स्वातंत्र्य काढून घेते.

वॅटच्या आकड्यांचे तर फारच थोडे सांगायचे आहे. शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि पाऊण मीटरवर बसणाऱ्याला बहुतेक मॉनिटरांची शक्ती पुरून उरते.

तिसरे विधान शास्त्राच्या भाषेत मांडलेले असल्यामुळे सर्वांत जास्त पटते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. ४० हर्ट्झची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, हे खरे आहे. पण कानाच्या पडद्याला संपूर्ण लाट लांबीने मांडलेली लागत नाही, त्याला दाबातला बदल कळतो. तसे नसते तर कानावरच्या हेडफोनच्या चिमुकल्या पोकळीत खर्जाचा एकही स्वर ऐकू आला नसता.

छोटी खोली खर्ज अडवत नाही. ती काही स्वर फुगवते आणि काही गिळते. बारा फुटांच्या लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे खोलीच्या मापामुळे फुगणारा स्वर, सुमारे ४७ हर्ट्झवर येतो आणि दहा फुटांच्या रुंदीचा सुमारे ५६ वर. छतही दहा फुटांवर असेल तर दोन अनुनाद ५६ वर एकमेकांवर चढतात. अशा खोलीत लांबीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तो म्हणतो, इथे खर्ज तयार होत नाही. तोच माणूस भिंतीला पाठ टेकून बसला, तर तोच स्वर त्याला सर्वांत मोठा ऐकू येतो. माझ्या खोलीत डग्गा एका स्वरात अडकत होता त्याचे कारण हेच होते. खुर्ची दीड फूट पुढे घेतल्यावर, एकही पैसा खर्च न करता, मनगट सरकवून काढलेली मींड पुन्हा मींडेसारखी वाकू लागली.

इथे आपल्या घरांचा विशेष लक्षात घ्यावा लागतो. परदेशी मार्गदर्शन पुष्कळदा लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंती असलेल्या घरांना धरून लिहिलेले असते. तिथे भिंती थरथरून खर्जाची काही ऊर्जा शोषून घेतात. पुण्या-मुंबईच्या सदनिकांमधली काँक्रीट आणि विटांची बांधणी ती ऊर्जा आत परतवते, त्यामुळे अनुनाद जास्त टोकदार होतात. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम टाळीचा प्रतिध्वनी कमी करतो, सात मीटरच्या लाटेवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यापेक्षा मापनाचा साधा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन खोलीचा आलेख काढावा. फुगलेले स्वर इक्वलायझरने खाली आणावेत, पण पडलेले खड्डे भरू नयेत. खड्ड्यात कितीही शक्ती ओतली तरी ती परतलेल्या लाटेबरोबर रद्दच होते.

चौथ्या विधानात अर्धे सत्य आहे. ८० हर्ट्झच्या खालचा शुद्ध स्वर बंद खोलीत कुठून येतो, हे ओळखणे अवघड असते. पण क्रॉसओव्हर, म्हणजे मॉनिटर आणि सबवूफर यांच्यात स्वर वाटून देणारी सीमा, ही भिंत नव्हे, तो उतार असतो. तीन-चार इंची मॉनिटरांबरोबर तो १०० ते १२० हर्ट्झवर ठेवावा लागतो, आणि मग पुरुषी गळ्याचा तळ टेबलाखालच्या डाव्या कोपऱ्यातून येऊ लागतो. दुसरी अडचण वेळेची आहे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची असते, म्हणून सबवूफर मॉनिटरांपेक्षा मीटरभर दूर असला की तो पाव लाटेने मागे पडतो आणि सांध्यावरचे स्वर क्षीण होतात. कोपरा तर खोलीचे सगळेच अनुनाद एकाच वेळी जागे करतो. ऐकण्याच्या जागी सबवूफर ठेवून संथ चालीचा खर्ज लावावा, टेबलाभोवती ओणवे फिरावे, आणि सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे तो न्यावा. नंतर क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा स्वर लावून फेजचे (सबवूफरची लाट उलटी करणारे) बटण ज्या बाजूला आवाज वाढवते त्या बाजूला ठेवावे. मॉनिटरांना जाणारा संकेत सबवूफरमधूनच, खालचा भाग गाळून पाठवावा. ही एकच जोडणी पुष्कळ जण करत नाहीत, आणि मग दोन्हीकडून तोच स्वर येऊन गढूळपणा वाढतो.

रागसंगीताविषयीचे विधान मला सर्वांत जास्त खुपते. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे वर सांगितलेल्या पाच इंची मॉनिटरच्या मर्यादेखाली. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार झणझणत ठेवण्याच्या रचनेमुळे, तिचे वरचे स्वर ऐकू येतात म्हणून तार हरवली आहे हे लगेच जाणवत नाही, पण षड्जाखालची जमीन पातळ होते. त्यात आपण रात्री हळू आवाजात ऐकतो, आणि हळू आवाजात कान खर्जाला मंद असतो. समान प्रबळतेच्या प्रमाणित वक्रांनुसार १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर असेल, तर तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ६४ आणि ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. सबवूफर धडाक्यासाठी असतो असे मानणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. त्याची गरज शांतपणे ऐकणाऱ्याला अधिक आहे.

काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिका, बासरी किंवा संतूर एवढेच ज्यांचे ऐकणे आहे, त्यांचे मात्र सबवूफरवाचून फारसे अडणार नाही. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांमध्ये खर्ज जवळजवळ नसतोच. त्या वाजवताना सबवूफर फक्त तबकडीची घरघर मोठी करतो, म्हणून तेव्हा तो बंदच ठेवावा.

ज्या गोष्टीविषयी हा सल्ला अवाक्षर काढत नाही, ती म्हणजे खालच्या मजल्यावरचे घर. मोबाइलवरची ध्वनिमापके बहुधा ए-भारित, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे स्वर कमी धरणारे, डेसिबल दाखवतात आणि त्या मापात ५० हर्ट्झचा स्वर ३० डेसिबलने कमी मोजला जातो. पडद्यावरचा आकडा निर्धोक दिसत असताना स्लॅबमधून खालच्या छताला तो स्वर पोहोचत असतो. सबवूफरखाली जाड रबराची गादी घालावी, म्हणजे पेटीची थरथर फरशीत उतरणार नाही, पण हवेतून जाणाऱ्या खर्जावर तिचा उपाय चालत नाही. नेहमीच्या आवाजात संगीत लावून, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन, एकदा त्यांच्या खोलीत उभे राहून ऐकावे आणि सबवूफरची पातळी तिथे ठरवावी.