दहा क्विंटलची जीप

आमच्या घरी पैसे रुपयांत मोजत नाहीत, कापसात मोजतात. ताईचं लग्न चाळीस क्विंटलचं. माझी बी.ए. अकरा क्विंटलची, "अन् त्यातले सहा वाया", हे बाबांचं टिपण. त्यामुळे 2023 च्या दिवाळीनंतर मी सत्तर हजारांत जुनी जीप ठरवून घरी आलो, तेव्हा बाबांनी बैठकीत डोळे मिटले आणि ओठ हलवले. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव होता 7020 रुपये.

"दहा क्विंटलले दोनशे कमी," ते म्हणाले. मग एक डोळा उघडला. "अन् चालते का?"

हा प्रश्न मी विकणाऱ्याला विचारायचा राहूनच गेला होता.

आता माझीही बाजू ऐका. आमचं वावर गावापासून दोन किलोमीटर, आणि मधे पांदण. उन्हाळ्यात ती रस्ता असते, पावसाळ्यात ती काय असते ते आजवर कोणी ठरवलेलं नाही. काळ्या मातीचा गारा मोटरसायकलच्या मडगार्डात असा भरतो की चाक फिरायचंच थांबतं, मग माणूस काडीनं चिखल उकरत बसतो आणि बाजूनं बंडीवाला पुढे निघून जातो, वरून "काय भाऊ, पूजा चालू हाय का?" असं विचारतो. अशी तीन वर्षं काढल्यावर मी रात्री मोबाईलवर तिकडं हरियाणातल्या मंडी डबवालीत बनणाऱ्या उघड्या जिपा पाहायला लागलो. बटनाचे टायर, लांब बॉनेट, मागे ढोलाएवढा स्पीकर. पहिली गाडी घेईन तर चारही चाकं ओढणारी, असं मी मनाशी ठरवलं. खिशानं त्यात एक शब्द वाढवला: जुनी.

दारव्ह्याच्या पलीकडच्या एका गावात गोठ्यामागे ती उभी होती. महिंद्राची एमएम 540, सन 1992. कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. तिनं धडधाकट गाडी दिली होती. पुढची एकतीस वर्षं तिचं जे झालं ते माणसांनी केलं, आणि शेवटची चार वर्षं कोंबड्यांनी. ड्रायव्हरच्या सीटवर एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. मालकाच्या बायकोची एकच अट होती, अंडी फुटेपर्यंत कोंबडी उठवायची नाही. अजून नऊ दिवस होते. म्हणून पैसे दिल्यावरही जीपचा ताबा मला नऊ दिवसांनी मिळाला. गाडी ताब्यात येण्यासाठी पिल्लं बाहेर यायची वाट पाहणारा तालुक्यातला मी पहिलाच असेन.

दहाव्या दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून तिला मिस्त्रीकडे नेलं. हे मिस्त्री आमच्या भागात जिपांचे धन्वंतरी. अडचण एवढीच की त्यांच्या तोंडात कायम खर्रा असतो. सुपारी-तंबाखूचा तो ऐवज गालात असला की माणूस बोलू शकत नाही, आणि मिस्त्री तर थुंकून वाया घालवणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "हं." मग खाली वाकून चेसिसवर पाना ठोकला. "उं." मग बराच वेळ काहीच नाही. रोग किती गंभीर आहे ते त्या हुंकाराच्या लांबीवरून ओळखायचं असतं, हे पुढे मला कळलं. पुढच्या चाकाला हलवून ते "उंउंउंउं" म्हणाले, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. ते किंगपिनचं होतं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं.

शेवटी गटारापाशी जाऊन आले आणि एका दमात बोलले. "इंजन भारी हाय. फ्रान्सचं हाय, पेजो. 2112 सीसी. पन बनलं आपल्या इगतपुरीले. याले काही होत नाही."

"मग चालू का होत नाही?"

"चार वर्षं कोंबडीखाली बसला असता त तू झाला असता का?"

मी म्हटलं, गाडी फार जुनी आहे, पैसे घालण्यात अर्थ आहे ना? मिस्त्री एकदम दुखावले. "शकुंतला मालूम हाय ना? तिचं वाफेचं इंजन 1921 सालचं, मँचेस्टरचं. 1994 परेंत ओढली त्यानं मूर्तिजापूर-यवतमाय गाडी. सत्तराच्या वर वर्षं! हे 92 चं लेकरू हाय अजून." दारव्ह्याच्या माणसाला शकुंतलेची शपथ घातली की तो हरतो. चालत्या गाडीतून उतरून, चार पावलं टाकून परत चढता यायचं तिच्यात, ही गोष्ट मी अलगद बाजूला ठेवली.

कामाला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचं वर्णन करायचं तर रोज सकाळी मी जायचो आणि मिस्त्री एक काळा, तेलकट तुकडा हातात देऊन म्हणायचे, "असा आन." नवा तसा मिळायचा नाही. मग यवतमाळ, अमरावती, नागपूरचं भंगार. मास्टर सिलेंडर मिळालं एका माणसाकडे, ज्यानं ते दार उघडं ठेवायला उटकण म्हणून लावलं होतं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती?" क्लच प्लेट म्हणजे अर्धा क्विंटल, रेडिएटर म्हणजे एक पोतं आणि वर मूठभर सरकी.

पण खरा तमाशा रंगाच्या वेळी झाला. पेंटरनं पॉलिश पेपर मारायला घेतला. वरचा फिका हिरवा थर गेला, खालून पिवळा निघाला, बॉनेटवर काळा. तो खरवडला तर त्याखाली सरकारी पांढरा, दारावर "विभाग" एवढंच लिहिलेलं; कोणता विभाग ते गंजानं खाल्लं होतं. ही बातमी दुपारपर्यंत बाजारात गेली आणि माणसं यायला लागली. पिवळा रंग सगळ्यांनी ओळखला. ही ती काळीपिवळी! एसटी चुकली की हीच. आत दहा, मागे लटकून सहा, बॉनेटवर दोन आणि ड्रायव्हरच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू.

एक गृहस्थ म्हणाले, माझ्या लग्नाचं वऱ्हाड याच्यात गेलं, नवरदेव म्हणून मला पुढे बसवलं होतं, पण पुढे आधीच चौघं होते. दुसऱ्यानं विचारलं की सीटखाली दात सापडला का. 2004 च्या पोळ्याला एका खड्ड्यात पडला होता. तहसीलच्या कँटीनमधला एक पोऱ्या काही न बोलता मागच्या बाकाकडे गेला, हात ठेवून म्हणाला, "इथं." काय इथं? "माहा जलम. आईले दवाखान्यात नेत होते. आर्ध्या रस्त्यात झालो." त्यानंतर सीटकव्हरच्या रंगाबाबत त्याचं मत डावलायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून ती मरून आहेत.

बाहेरून मला मिलिटरीसारखा गडद हिरवा हवा होता. पेंटरनं हात वर केले. मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. पेंटरला हा नियम पाठ होता, आणि स्वतःच्या पोरांची जन्मतारीख नव्हती. "कायद्यात बसन असा हिरवा बनवतो," म्हणाला. तीन डबे कालवले. जे झालं ते कायद्यात बसतं, एवढंच त्याबद्दल म्हणता येईल. बाबांच्या मते तो तुरीवरच्या अळीचा रंग आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, कारण तिथं विनोद कमी आहे. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिची फी एप्रिल 2022 पासून 600 ची 5000 झाली होती. शिवाय पर्यावरण कर. "पाऊण क्विंटल," बाबा म्हणाले, "अन् कर वेगळा? पर्यावरणात त हे चार वर्षं उभीच होती."

मग तो दिवस उगवला. फेब्रुवारीतली, सरत आलेली थंडी. मिस्त्रींनी शिकवलं होतं की आधी हीटर द्यायचा, म्हणजे इंजिन आतून तापवायचं, डॅशबोर्डवरची तार लाल व्हायची वाट पाहायची, मगच सेल्फ मारायचा. मी तार लाल होईपर्यंत श्वास धरला. इंजिन असं धडाडलं की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले, मिस्त्री हसले, आणि खर्रा असूनही म्हणाले, "बाह!"

गावापासून तीन किलोमीटरवर ती बंद पडली. टाकीत डिझेल होतं. मी फोन लावला.

"मिस्त्री, बंद पडली."

"हं."

"सेल्फ फिरतो, पण उठत नाही."

"ह्‌वॉ."

"काय?"

"ह्‌वॉ ह्‌वॉ!"

पाच मिनिटं मी त्या एका अक्षराचे अर्थ लावत उभा होतो. हवाला? हवालदार? शेवटी पलीकडून थुंकण्याचा आवाज आला आणि वाणी मोकळी झाली. "हवा घेतली तिनं! डिझेलच्या लाइनीत हवा शिरली. फिल्टरचा स्क्रू ढिला कर, हातपंप मार, बुडबुडे संपले की कस." पंप मारला. बुडबुडे आले, डिझेल आलं, माझ्या शर्टावर आलं, जीप चालू झाली. त्या महिन्यात हे सात वेळा झालं. आता मी झोपेतही पंप मारतो, असं आई सांगते.

अजून एक कबुली. गिअरच्या दांड्याशेजारी या गाडीला आणखी दोन दांडे आहेत, एक पुढची चाकं जोडायचा, एक जोर वाढवायचा. ते असल्याचा मला इतका अभिमान की साखरपुड्याला जाताना मी डांबरीवरही पुढची चाकं जोडली. मंडपासमोर वळताना जीप अशी अडखळायला लागली जणू तिला आत यायचंच नाही. पुढची चाकं वळणावर जास्त अंतर कापतात, मधे ती तफावत पचवणारं काही नाही, मग टायर घासतात आणि सगळा ताण गिअरवर येतो. मऊ मातीत टायर घसरून हे निभतं, डांबरावर नाही. हे मला मिस्त्रींनी नंतर सांगितलं, आणि त्यासाठी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, नवा कोरा खर्रा थुंकून टाकला.

किंगपिन बदलूनही चाळीसच्या वर गेलं की पुढची चाकं डफडं वाजवतात. म्हणून आम्ही पस्तीसनं जातो. परवा बाजाराच्या दिवशी बाबा पहिल्यांदा बसले. पुढच्या सीटवर, धोतर आवरून, दाराच्या कांबीला धरून, चेहऱ्यावर दहा क्विंटलचा भार. फाट्यावरच्या लिंबाखाली एक म्हातारी बसली होती. आम्ही जवळ येताच उठली आणि रस्त्यात आडवी झाली. मी ब्रेक मारला, म्हणजे तीनदा पंप केला, आणि जीप तिच्या लुगड्यापासून हातभर थांबली.

"सरका बाप्पा," ती बाबांना म्हणाली. "माही जागा हाय ते."

बाबा काय, कोणीही सरकलं असतं. ते मागे मरून बाकावर गेले. मी म्हटलं, आजी, ही घरची गाडी आहे, सवारी नाही घेत.

"खोटं नको बोलू. कालीपिली होय हे."

"आजी, हिरवी आहे."

"रंग पाहून कोन बसते? आवाज तोच हाय." आणि तिनं लिंबाकडे वळून हाक मारली, "या वं! आली गाडी!" झाडामागून टोपल्या घेऊन चौघी उठल्या. पाचही जणी बसल्या. म्हातारीनं कनवटीतून दोन रुपयांचं नाणं काढून डॅशबोर्डवर ठेवलं. मी म्हणालो, घरच्या गाडीत भाडं घेता येत नाही, कायदा नाही तसा.

"फुकट बसाले मी का भिकारी हाय? आधीपासून दोनच देतो आम्ही. चाल."

मागच्या चौघींनीही नाणी पुढे सरकवली. मी हीटर दिला, तार लाल झाली. आरशात पाहिलं तर बाबा दोन टोपल्यांच्या मधे चेंगरून, डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते.

"पस्तीस हजार सवाऱ्या," ते म्हणाले. "अन् डिझेल वेगळं."