रोख्यांची यादी आणि एक घाईचा निष्कर्ष

निवडणूक रोख्यांची, म्हणजे देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षांना पैसा देण्यासाठी बँकेतून विकत घेतल्या जाणाऱ्या रोख्यांची, आकडेवारी मार्च २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून एक विधान सर्वत्र फिरते आहे : कंपन्यांचा पैसा ज्याच्याकडे, सत्ता त्याचीच, कंपन्याच आपल्या पसंतीचा पक्ष निवडून आणतात, मतदान हा केवळ सोपस्कार, आणि कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली की प्रश्न मिटेल. यातला राग रास्त आहे. निष्कर्ष मात्र त्याच यादीपुढे टिकत नाही.

पैसा म्हणजे सत्ता, हे आधी पाहू. रोख्यांतून १,२०० कोटी रुपयांहून अधिक मिळवणाऱ्या भारत राष्ट्र समितीने २०२३ मध्ये तेलंगणातील सत्ता गमावली आणि पुढच्या लोकसभेत तिला एकही जागा मिळाली नाही. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६,००० कोटी मिळवणारा भाजपही २०२४ मध्ये ३०३ जागांवरून २४० वर आला. पैशावाचून रिंगणात टिकता येत नाही हे खरे, पण टिकणे वेगळे आणि जिंकणे वेगळे.

कंपन्या आपल्या पसंतीचा पक्ष निवडून आणतात, हा दुसरा भाग तर मूळ दुखणेच झाकतो. अनेक मोठ्या देणगीदारांनी केंद्रातील सत्ताधाऱ्यांना दिले, राज्यांतील त्यांच्या विरोधकांनाही दिले. ही पैज कोणाच्या विजयावर लावलेली नाही. जो खुर्चीवर असेल त्याचे दार उघडे राहावे, यासाठीचा हा खर्च आहे. त्याचा मोबदला निकालाच्या दिवशी नव्हे, तर पुढची पाच वर्षे कंत्राटांत, परवान्यांत आणि कोणी वाचत नाही अशा अधिसूचनांत शोधावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोख्यांची योजना रद्द करताना मतदाराच्या माहितीच्या हक्कावर भर दिला तो त्यामुळेच. कंपन्यांच्या देणग्यांवरील नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये उठवली गेली होती, तो बदलही न्यायालयाने मोडीत काढला. माझ्या मते निकालाचा हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

राहिली बंदी. ती १९६९ मध्ये घालून झाली आहे. १९८५ मध्ये उठेपर्यंत देणग्या थांबल्या नाहीत, फक्त हिशेबाच्या वहीतून नाहीशा होऊन रोखीत गेल्या. त्याआधी, १९५७ मध्ये, राजकीय देणग्या देण्याची मुभा टाटांच्या पोलाद कंपनीला देताना मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकशाहीला असलेला धोका स्पष्ट नोंदवला होता आणि अशा देणग्या कोणत्या मर्यादेत असाव्यात याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले होते.