उडवलेल्या थव्याच्या फोटोला दाद नको

ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र, सीवूड्सचा डीपीएस तलाव, नेरूळचा चाणक्य परिसर, भांडुपचे पंपिंग स्टेशन, उरणजवळचे पाणजे: मुंबई-नवी मुंबईभोवतीच्या या पाणपक्ष्यांच्या जागा. हिवाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळी यांपैकी कुठेही गेलात तरी लांबलचक लेन्स घेतलेली हौशी मंडळी भेटतात आणि त्यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या मंडळींमध्ये रुळत चाललेल्या एका सवयीबद्दल आज स्पष्ट लिहायचे आहे. पंख पसरलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा ‘फ्लाइट शॉट’ मिळावा म्हणून बसलेला थवा मुद्दाम उडवला जातो. कोणी टाळ्या वाजवतो, कोणी ढेकूळ भिरकावतो, कोणी ड्रोन खाली आणतो. असा फोटो काढू नये आणि कोणी काढलाच, तर त्याला दाद देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

यात पक्ष्यांचे नेमके काय बिघडते, हे भरती-ओहोटीच्या हिशोबाने पाहावे लागते. ओहोटी लागली की ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना चिखलाची विस्तीर्ण पट्टी उघडी पडते आणि तेवढ्याच वेळात रोहित आणि तुतवार, पाणटिवळे यांसारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना चरून घ्यावे लागते. धाकटा रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत-बाहेर करत त्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. हे काम तासन्‌तास चालते, कारण एका घोटात मिळणारे अन्न अगदी थोडे असते. भरती चढली, चिखल पाण्याखाली गेला, की हे सगळे थवे काठावरच्या तळ्यांकडे विसाव्याला येतात. म्हणजे डीपीएस तलावात आपल्याला इतक्या जवळून दिसणारा थवा हा बहुधा चरून दमलेला आणि पुढच्या ओहोटीपर्यंत ताकद राखून असलेला थवा असतो, आणि आपण त्याला नेमके त्याच वेळी उठवतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका तळ्यावर शेजारच्या गृहस्थांनी ढेकूळ फेकले, तेव्हा काय घडले ते सांगतो. रोहित हा जड पक्षी आहे. त्याला जागच्या जागी उडता येत नाही. माना ताणून, पाण्यावर धपधप पावले टाकत तो आधी धावतो आणि मग उचलला जातो. एका टोकाला चार-पाच पक्षी धावू लागले आणि बघता बघता सगळा थवा उठला. त्याच्याबरोबर कडेला एका पायावर झोपलेले लांब पायांचे शेकाटे उठले, चिमुकले टिलवे उठले, ज्यांचा फोटो कोणालाच नको होता. मोठे थवे तळ्यावर घिरट्या घालत राहिले, टिलवे परतलेच नाहीत. छोट्या टिलव्याचे वजन जेमतेम २५-३० ग्रॅम असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला येथून थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडे निघायचे असते. अंगावर साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. ती आपल्या एका फोटोसाठी खर्ची पडते. त्या सकाळी ढेकूळ फेकणारा एकच होता, पण कॅमेरे सगळ्यांचेच चालू होते, आणि म्हणूनच त्याला कोणी हटकले नाही. ही प्रथा टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, परंतु भरतीच्या वेळी थवे जिथे विसावतात ती डीपीएस, चाणक्य, पाणजे ही ठिकाणे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तेथे वनरक्षक उभा नसतो, तेव्हा जे पाळायचे ते आपले आपणच पाळायचे आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे येतात, हे अनेकांना ठाऊक नाही. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) होडीतून शेव-गाठिया टाकून फोटो काढणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे; तेलात तळलेले बेसन हे त्या पक्ष्याचे अन्न नाही.

आणि उडवल्याशिवाय उडतानाचा फोटो मिळत नाही, हे तर मुळीच खरे नाही. कोळी बांधवांचा पाऊणकीचा हिशोब शिकून घ्या: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी काठावर जाऊन खाली बसा आणि हालचाल करू नका. पाणी चढते तसे पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात, आणि चिखल बुडाला की थवे स्वतःहून उठून तळ्याकडे निघतात. ते वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि तसेच उतरतात, तेव्हा वारा पाठीवर घेऊन बसल्यास पक्षी समोरून येतो. वाशी-ऐरोलीच्या काठावर सकाळचे ऊन पाठीशी असते, शिवडीला दुपारनंतरचे. एवढे जमले, तर थव्याला धक्का न लावता मिळालेला फोटो ढेकूळ फेकून मिळवलेल्या फोटोपेक्षा उजवा असतो: माना सरळ, रांग शिस्तीत, डोळ्यांत भीती नाही.

शांत बसलेल्या पक्ष्याच्या फोटोचा आणखी एक उपयोग असतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ येथील पक्ष्यांच्या पायांत खुणेच्या कड्या आणि पट्ट्या घालतात. त्यावरची अक्षरे स्पष्ट दिसणारा एखादा हौशी फोटो त्या पक्ष्याच्या प्रवासाचा एक टप्पा सिद्ध करू शकतो. उधळलेल्या थव्याच्या फोटोत ही अक्षरे वाचता येत नाहीत.

म्हणून पक्षी-छायाचित्रणाच्या गटांच्या ॲडमिनना माझी विनंती आहे. प्रत्येक फोटोखाली आयएसओ आणि शटर स्पीड ही कॅमेऱ्याची मापे लिहिण्याची पद्धत आपण पाडलीच आहे. त्याच ओळीत भरतीची वेळ, पक्ष्यापासूनचे अंदाजे अंतर आणि पक्षी आपणहून उडाला की उडवला, हेही लिहिणे बंधनकारक करावे, आणि उडवलेल्या थव्याचा फोटो गटावर स्वीकारू नये. येत्या हंगामातले पहिले थवे खाडीत उतरण्यापूर्वी हा नियम लागू व्हावा. माझ्या फोटोंखाली मी ही नोंद आजपासून देतो आहे.