रबरी ट्रॅकवर इनॅमल मारायच्या सल्ल्याबद्दल खुलासा

सध्या एक सल्ला फिरतोय की मॉडेल किटच्या (गाड्या-रणगाड्यांच्या जोडायच्या छोट्या प्रतिकृतींच्या) रबरी टायरवर आणि ट्रॅकवर, म्हणजे रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांवर, इनॅमलच (तेलात कालवलेला रंग) मारा, वाळला की घट्ट बसतो. कृपया असं करू नका. बऱ्याच किटमधलं हे रबर म्हणजे मऊ व्हिनाइल असतं, त्यातलं प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं द्रव्य) हळूहळू बाहेर येतं आणि इनॅमल कित्येक आठवडे चिकटच राहू शकतो, मग त्यावर धूळ बसते ती निघत नाही. त्यापेक्षा पार्ट आधी साबणाच्या पाण्याने धुवा, कारण त्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल राहिलेलं असतं, मग वॉटर-बेस्ड ॲक्रिलिकचे पातळ हात द्या. जाड थर वाकवला की तडकतोच. ट्रॅक तर शक्यतो चाकांवर चढवूनच रंगवा, ताणायची गरज उरत नाही.