गोष्ट सांगा, गुण देऊ नका

२०२४च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, आणि त्यातल्या मनाचे श्लोक व गीता पाठ करण्याच्या सूचनेवरून आमच्या वेंगुर्ल्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जुंपली. मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोकही निघाल्यावर तर विचारूच नका. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या महाडात मनुस्मृती जाळली ते महाड कोकणातच आहे, याची कुणीतरी आठवण करून दिली आणि दोघेजण ग्रुप सोडून गेले. काकांचं म्हणणं, पोरं हल्ली जरा काही झालं की खचतात, धर्मातल्या गोष्टी शिकवा म्हणजे उमेद येईल. भाचा म्हणाला, शाळेत देव नको.

इथे इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत धर्मशिक्षण १९४४च्या कायद्यापासून सक्तीचं आहे. १९८८च्या कायद्याने भर ख्रिस्ती परंपरेवरच ठेवला, पण इतर प्रमुख धर्मांनाही जागा दिली. नको असेल तर आईबाप मुलाला त्या तासातून काढून घेऊ शकतात. मी लेकीला काढलं नाही. तिला नोहाची नौका ठाऊक आहे, रामाचं अयोध्येला परतणंही. डिसेंबरात तिने ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, चार मेणबत्त्या रंगवल्या आणि पहिलीखाली ‘आशा’ असं लिहिलं. कसली आशा गं, विचारलं तर म्हणाली, “येशू जन्माला यायची. ते लोक तशी वाट बघतात.” माहिती चोख, पण सगळी परक्याच्या घरातली. रामाबद्दलही ती त्याच सुरात बोलते, ही खरी पंचाईत.

म्हणून मला काकांचंही पटत नाही. पाठांतराने पोर चाचणीत पास होईल, उमेद कुठून येणार? आमच्याकडे ती जत्रेत मिळायची. आधी गाऱ्हाणं. मानकरी देवाला सांगणार, मुंबईक गेलल्यांका सांभाळ, इडापिडा दूर कर, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावाचं “व्हय महाराजा”. त्यात पोरंही ओरडायची. मग रात्री दशावताराचं नाटक. संकासुर राक्षस वेद पळवतो, पण मारला जाण्याआधी मालवणीत भटजींची फिरकी घेतो, गावच्या रस्त्याचीही टर उडवतो. लिखित संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या रचलेले. विष्णू येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत, तरी तो येईपर्यंत कुणी झोपत नसे. आणि रात्री देव झालेला तो नट सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावाला निघालेला दिसायचा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हे केवळ हिंदूंचं नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून वाचलेल्या मोजक्या जोडप्यांची कथा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते पोहे, खोबरं, गूळ, फळांचा मलिदा करतात आणि वाटून खातात.

जत्रेचे गोडवे गाताना मानपानाची भांडणं, कुणाला कुठवर यायची मुभा होती, हे मी विसरत नाही. ‘देव बघून घेईल’ म्हणत हातावर हात धरून बसणारेही आपल्याचकडे आहेत. चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे. त्याने समुद्र हटवून कोकण वसवलं, ही गोष्ट आपण पोरांना सांगतोच. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी त्याच चिपळुणात घराघरांत शिरलं. मग चिखल काढला तो माणसांनी, फावड्यांनी. परशुरामाची गोष्ट शाळेत जरूर सांगावी, पण एखाद्या पोराने “मग या वेळी पाणी का नाही हटवलं?” असं विचारलं तर त्याला गप्प बसवू नये. पोर गप्प बसणार असेल तर गोष्ट घरीच ठेवलेली बरी. आणि मसुदा लिहिणाऱ्यांनी एकदा दशावताराला पुढच्या रांगेत बसावं. संकासुर त्यांनाही दोन प्रश्न विचारील.