अलेनिचेव्हला 'फेल' म्हणण्याआधी

आज सकाळी आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पोर्तो या पोर्तुगीज फुटबॉल क्लबच्या २००४ च्या संघाचा फोटो टाकला. त्याखाली आमच्याच एका माजी बचावपटूने लिहिले, "यातला तो रशियन पुढे कोच झाला, पण फेल गेला." त्यावर चौघांनी हसरे चेहरेही टाकले. माझा चहा तसाच राहिला.

'त्या रशियना'चे नाव दिमित्री अलेनिचेव्ह. २००३ मध्ये सेव्हिलला स्कॉटलंडच्या सेल्टिकविरुद्ध यूएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मोनाकोविरुद्ध तो साठाव्या मिनिटाला बदली म्हणून उतरला, डावीकडून सहकारी डेकोला गोलसाठी पास दिला आणि चार मिनिटांनी तिसरा गोल स्वतः मारला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. घरचे उठू नयेत म्हणून मी टीव्हीचा आवाज पार बंद केला होता आणि तो गोल उशी तोंडात धरून साजरा केला होता.

मला मात्र त्या गोलांपेक्षा त्याची २००६ मधली मुलाखत जवळची वाटते. स्पार्टाक मॉस्को या आपल्या जुन्या रशियन क्लबकडे परतलेल्या या माणसाने एका क्रीडा दैनिकाला उघड सांगितले की, प्रशिक्षक स्टार्कोव्ह यांच्या हाताखाली संघ पुढे जात नाही. क्लबने त्याला बाजूला केले. काही आठवड्यांत स्टार्कोव्हही गेले, पण अलेनिचेव्ह स्पार्टाकच्या जर्सीत पुन्हा कधीच दिसला नाही.

हे वाचले तेव्हा मला कोल्हापुरातला आमचा संघ आठवला. आमचे प्रशिक्षक मधल्या फळीला चेंडूच लागू देत नसत. मागून उंच टोलवा आणि पळा, एवढाच त्यांचा डाव. सामना संपला की चहाच्या गाड्यावर अकराच्या अकरा जण कुरकुरत. एकदा स्थानिक बातमीदाराने विचारले आणि मी तेच बोललो. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत छापून आले आणि तिसऱ्या दिवशी माझे बूट, नाड्या एकमेकांत बांधून, पिशवीतून घरी आले. गाड्यावर कुरकुरणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही.

आता 'फेल' या शब्दाचे बघू. २०११ मध्ये त्याने रशियातल्या तुला शहराचा आर्सेनल (लंडनचा नव्हे) हाती घेतला, तेव्हा तो हौशी स्तरावरचा संघ होता. समोवार (चहासाठी पाणी उकळायचे रशियन भांडे) आणि बंदुकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाचा संघ त्याने जुन्या स्पार्टाक मित्रांच्या साथीने २०१४ मध्ये रशियाच्या सर्वोच्च लीगमध्ये नेला. मॉस्कोपासून ३,००० किलोमीटरहून दूर असलेल्या क्रास्नोयार्स्कच्या येनिसेई संघालाही त्याने २०१८ मध्ये तिथवर पोहोचवले. दोन्ही संघ पहिल्याच हंगामात तळाला राहून खाली उतरले, हे मान्य. पण ज्या गावांनी सर्वोच्च लीग फक्त टीव्हीवर पाहिली होती, त्यांच्या मैदानावर ती आणून दाखवणाऱ्याला तुम्ही फेल म्हणता? स्वतः कधी एखादा संघ एक पायरी तरी वर नेला आहे का?

स्पार्टाकमध्ये मात्र त्याचे जमले नाही, हेही खरे. २०१५-१६ च्या हंगामात पाचवा क्रमांक आला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सायप्रसच्या एईके लार्नाकाकडून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत हरल्यावर त्याने राजीनामा दिला. त्याचा सहायक म्हणून नुकताच आलेला मासिमो कारेरा त्याच्या जागी बसला आणि त्याच हंगामात स्पार्टाकने २००१ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. तो दिवस अलेनिचेव्हने कसा काढला असेल, याचा विचार केला की माझा राग थोडा उतरतो.

आणि तो उतरला आहे तर हेही लिहून टाकतो. वर्तमानपत्राकडे जाण्याआधी त्याने स्टार्कोव्ह यांच्यासमोर बसायला हवे होते. मीही आधी आमच्या सरांच्या घरी जायला हवे होते. त्यांचे घर गाड्यापासून दोन गल्ल्यांवर होते. तेही महिनाभरात संघ सोडून गेले आणि पुढे कधी भेटले नाहीत.

आज 'फेल गेला' लिहिणारा बचावपटू त्या गाड्यावर सर्वांत मोठ्याने बोलायचा. पिशवी घेऊन माझ्या दारात आलेलाही तोच होता आणि नाड्यांची ती गाठ सोडवायला मला कात्री लागली होती.