गुरू ग्रहाचा पत्ता ५२३.४५

तिसरी-चौथीतले मूल "गुरूवरचं पुस्तक आहे का?" असे विचारत येते, तेव्हा उठून ते पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो. दादरच्या एका वाचनालयाच्या बालविभागात मी शनिवारी दुपारी मदतीला जाते आणि बरीच वर्षे मीही हेच करत आले. आता करत नाही. पुस्तक शोधायला शिकवणे हे वाचायला शिकवण्याइतकेच आपले काम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीला मी चिठ्ठीवर ५२३.४५ हा गुरूवरच्या पुस्तकांचा क्रमांक लिहून दिला. ती बराच वेळ ५२३.५ च्या पुढेच शोधत राहिली. तिथे उल्का होत्या, मग ५२३.६ वर धूमकेतू, ५२३.७ वर सूर्य, आणि गुरू कुठेच नव्हता. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, म्हणजे ते नंतरच येणार, असा तिचा हिशेब होता. दशांश चिन्हानंतरचे आकडे शब्दातल्या अक्षरांसारखे एकेक करून वाच, आधी चार, मग पाच, एवढेच मी सांगितले. ती मागे सरकली, कपाटाच्या कडेवर बोट फिरवत मंगळापर्यंत आली, पुढचा गुरू काढला आणि क्षणभर थांबून शेजारचा शनीही काढला. शनी तिने मागितलेला नव्हता.

माझ्या मते सारे महत्त्व या शेजाराला आहे. १८७६ साली मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालांनी दशांश वर्गीकरण, म्हणजे वरच्यासारख्या क्रमांकांची ही पद्धत, मांडले, त्याआधी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाला कपाटातली ठरावीक जागा दिली जाई. ड्युईंनी क्रमांक विषयाला दिला, त्यामुळे नवे पुस्तक आले की बाकीची सरकतात, पण शेजार मोडत नाही. मुंबईतल्या मुलांना हे समजावणे अवघड नाही, कारण घर क्रमांक १२०३ म्हणजे बारावा मजला हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. फरक एवढाच, की पुस्तकांच्या या इमारतीत दोन घरांच्या मध्ये कधीही तिसरे घर उभे राहू शकते.

मराठी गोष्टींची पुस्तके लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली असतील, तर अडचण वेगळी येते. शाळेतल्या तक्त्यावर 'क्ष' अगदी शेवटी असतो, म्हणून मुले क्षीरसागर शेवटच्या खणात शोधतात, आणि आमच्याकडे ते 'क' मध्ये असतात. आपल्या ग्रंथालयाने कोणता क्रम धरला आहे, हे मुलांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवायला काय हरकत आहे?

ग्रंथपाल मित्र मला भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रांतले चौथे सूत्र ऐकवतात: वाचकाचा वेळ वाचवा. मुलाला वीस मिनिटे कपाटापुढे उभे करणे त्या सूत्राविरुद्ध नाही का, असे ते विचारतात. मला तसे वाटत नाही. हे मूल पुढे साठ-सत्तर वर्षे वाचक राहणार असेल, तर आजची वीस मिनिटे त्याच वेळेच्या हिशेबात धरायला हवीत.

मात्र कपाटाला कुलूप असेल, तर हे सारे बोलणे व्यर्थ आहे. पुस्तके फाटतील, जागा चुकेल, या भीतीने बालविभागाची काचेची कपाटे बंद ठेवणारी वाचनालये मी पाहिली आहेत. लहानपणी ज्या वाचनालयात मी जात असे, तिथे तर काचेबाहेरून कणा वाचून नाव सांगावे लागे आणि खालच्या खणातली नावे कधी दिसतच नसत. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते, ही भीती खरी आहे. त्यावर आम्ही जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या आहेत: पुस्तक काढताना मूल त्या फटीत आपली पट्टी खोचते आणि परत ठेवताना तीच पट्टी शोधते. खर्च जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांएवढा. ज्या वाचनालयांना हव्या असतील, त्यांनी शनिवारी येऊन नमुना घेऊन जावा, आणि जाण्यापूर्वी आपल्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही मला सांगावे.